‘अं... म्हणजे... काय आहे ना’ : कापू की ठेवू?

कात्रीवाला (धागाकर्ता)

ध्वनिसंपादन हा माझा पोटापाण्याचा धंदा. मुलाखती, पॉडकास्ट, अधूनमधून एखादं व्याख्यान. लोक बोलतात, मी कापतो. खोकला, खुर्चीची करकर, पाण्याचा घोट, आणि या सगळ्यांहून कितीतरी जास्त ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘ॲक्च्युअली’, ‘समजलं ना’. आता इतका सराव झालाय की पडद्यावरची लहर बघून, न ऐकताच, ‘अं’ कुठे आहे ते सांगतो. एरवी लहर सारखी वरखाली होत असते. ‘अं’ आला की ती एका जाडीची, गुळगुळीत होते, मधेच कुणी लाटणं ठेवल्यासारखी.

प्रश्न असा आहे. परवा एका संभाषणाचं काम आलं. बोलणारे दोन. एक गृहस्थ साठीतले, त्यांच्या विषयात नाव असलेले. दुसऱ्या बाई तिशीतल्या, त्याच विषयात काम करणाऱ्या. सोबत लेखी सूचना : ‘सरांचे पॉज राहू द्या, विचार करून बोलताहेत असं वाटतं. मॅडमचे फिलर शक्य तितके काढा, तयारी नसल्यासारखं वाटतं.’

दोघांचे ट्रॅक वेगवेगळे असतात, त्यामुळे नीट ऐकता आले. सरांचा ‘अं’ लांब, वाक्याच्या सुरुवातीला, खर्जात. मॅडमचा ‘म्हणजे’ आखूड, वाक्याच्या मधे, भरभर. अडखळण्याच्या हिशेबात दोघं तोडीस तोड. उलट सर कांकणभर पुढेच असतील. तरी एकाच्या खात्यावर ‘चिंतन’ जमा आणि दुसरीच्या खात्यावर ‘तयारीचा अभाव’. हे माझ्या डोक्यातून जाईना.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. मॅडमच्या बोलण्यातला एक तुकडा जसाच्या तसा देतो (परवानगी घेतली आहे, विषय थोडा बदललाय) :

‘अं... नाही, म्हणजे, काय झालं ना, तेव्हा आमच्याकडे आपलं... म्हणजे पैसे नव्हते असं नाही, पण... काय म्हणतात... हिंमत नव्हती.’

सूचनेबरहुकूम कापल्यावर :

‘तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते असं नाही, पण हिंमत नव्हती.’

दुसरं वाक्य ठाशीव आहे, कुणीही कौतुक करेल. पण ऐकायला ते पाठ केलेलं वाटतं. मूळ तुकड्यात ‘काय म्हणतात’च्या मागे बाई तो शब्द शोधत होत्या, आणि ‘हिंमत’ सापडली तेव्हा आवाज किंचित खाली गेला. मी तो शोध कापला आणि तयार उत्तर ठेवलं. काम चोख झालं, बाई मात्र बदलल्या.

तर विचारायचंय ते असं : हे शब्द ऐकणाऱ्याला खरोखर खुपतात, की आपल्याला ते खुपायला शिकवलंय? त्यांच्यावरून माणसाबद्दल मत बनतं हे उघड आहे, पण ते मत कशावरून बनतं? शब्दावरून, की कोण बोलतंय त्यावरून? ‘मन लावून ऐका म्हणजे कळेल’ छापाची उत्तरं नकोत. दिवसभर मी दुसरं काही करत नाही.

शेवटचा_बाक

सगळे कापा. माझी सही घ्या हवी तर.

आमच्याकडे एक जण आहे, त्याचं प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’ने सुरू होतं. मीटिंगमध्ये मी कागदाच्या कोपऱ्यात त्याच्या ‘बेसिकली’च्या रेघा ओढत बसतो, पाच झाले की आडवी मारायची. मीटिंग संपते तेव्हा रेघा बरोब्बर असतात आणि विषय काय होता ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. हा दोष त्याचा की माझा? त्याचाच. विचार करून मग तोंड उघडावं, एवढी साधी गोष्ट आहे.

अनुनासिक

शेवटचा_बाक, रेघा मारण्यात तुमचं कान देऊन ऐकणं बंद झालं. यात ‘बेसिकली’चा हात किती आणि पेन्सिलीचा किती, तुम्हीच ठरवा :)

‘विचार करून मग तोंड उघडावं’ हे ऐकायला छान आहे, पण बोलण्याचं यंत्र तसं चालत नाही. 2009 साली दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना प्रसिद्ध झाली (तान्या स्टिव्हर्स आणि सहकारी). प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघालं. भाषेगणिक थोडा फरक, पण सगळ्या त्याच घरातल्या. आता दुसरी बाजू बघा : समोर साध्या वस्तूचं चित्र धरून ‘हे काय आहे’ विचारलं, तर त्या एका शब्दाचा उच्चार सुरू व्हायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे समोरच्याचं बोलणं संपायच्या आत आपली जुळवाजुळव सुरू झालेली असते, आणि ती पुरी व्हायच्या आत बोलण्याची पाळी आलेली असते. हे अंतर कशाने तरी भरावं लागतं. गप्प बसलात तर दोन धोके : समोरचा समजेल तुमचं झालं आणि तोच बोलायला लागेल, किंवा समजेल की तुम्ही तोंड लपवताय. ‘अं’ म्हटलं की पाळी आपल्याकडे राहते.

आणि ‘अं’ नुसता खांब नाही, पाटीसुद्धा आहे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी 2002 मध्ये इंग्रजी बोलण्याच्या मोठ्या साठ्यावरून दाखवलं की तोंड उघडं ठेवून काढलेल्या ‘अ’नंतर थांबा लहान असतो आणि ओठ मिटून संपणाऱ्या ‘अम्’नंतर मोठा. बोलणारा नकळत सांगतो, ‘थोडं थांबा’ किंवा ‘बरंच थांबा’. (या मांडणीवर नंतर वाद झाले, आजही आहेत. थांबे तसे असतात यावर नाही, बोलणारा ते ‘सांगतो’ की त्याच्या तोंडून फक्त निसटतं, यावर.)

ऐकणारे ती पाटी वाचतात, हे जास्त मजेशीर आहे. 2004 मध्ये जेनिफर आर्नल्ड आणि सहकाऱ्यांनी पडद्यावर वस्तूंची चित्रं ठेवून, सूचना ऐकताना लोकांची नजर कुठे जाते ते मोजलं. वस्तूच्या नावाआधी बोलणारा अडखळला की नजर आधी उल्लेख न झालेल्या वस्तूकडे वळायची. नाव उच्चारलं जायच्या आत! म्हणजे कान धरून चालतो की ज्याअर्थी अडखळला त्याअर्थी काहीतरी नवीन येतंय. 2007 मध्ये मार्टिन कॉर्ली आणि सहकाऱ्यांना आढळलं की ज्या शब्दाआधी ‘अ’ येतो तो शब्द ऐकणाऱ्याच्या लक्षात जास्त राहतो. कात्रीवाले, तुमची ‘हिंमत’ आठवा.

तुमच्या कामाचा प्रयोग मात्र 2011 चा आहे, फ्राउंडॉर्फ आणि वॉटसन यांचा. लोकांना गोष्टी ऐकवल्या : काहींत ‘अं’ घातलेले, काहींत तेवढ्याच लांबीचा खोकला घातलेला, काही स्वच्छ. मग गोष्ट परत सांगायला लावली. ‘अं’वाल्यांना घटना जास्त आठवल्या. खोकल्याने नुकसान झालं. म्हणजे नुसता जास्तीचा वेळ मिळाला म्हणून फायदा झाला असं नाही. खोकले बिनदिक्कत कापा.

‘मत कशावरून बनतं’ याबद्दल थोडंच. 1995 मध्ये ब्रेनन आणि विल्यम्स यांनी सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरं ऐकवून लोकांना विचारलं, या माणसाला उत्तर माहीत असेल का. अडखळून दिलेल्या उत्तरावर लोकांचा भरवसा कमी. पण अडखळून ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याबद्दल उलट : याला थोडंफार माहीत असावं, आठवत नसेल. तोच आवाज, पुढे काय आलं त्यावर अर्थ फिरला. सर आणि मॅडम हा त्याच्या पुढचा प्रकार वाटतो : आधी काय मत होतं त्यावर अर्थ फिरतो. हे मात्र माझं अनुमान.

जुनी_मास्तरीण

वर्गात शिकवलेलं आठवतंय का कुणाला? केवलप्रयोगी अव्ययांच्या धड्याच्या शेपटाला, परीक्षेत हमखास एका गुणाला, दोन गट असायचे. व्यर्थ उद्गारवाची : म्हणे, बापडा, आपला, बेटे. आणि पादपूरणार्थक, ऊर्फ पालुपदे : बरं का, कळलं, आत्ता, आणखीन, जळ्ळं मेलं. आयुष्यभर हे फळ्यावर लिहिलं आणि ‘व्यर्थ’ लिहिताना दर वेळी हात अडला.

‘तो म्हणे आजारी आहे.’ यातला ‘म्हणे’ काढा. ‘तो आजारी आहे.’ पहिल्या वाक्यात मी ऐकीव सांगतेय, खात्री माझी नाही, आणि सुरावर अवलंबून, माझा विश्वासही नाही. दुसऱ्यात मी जबाबदारी घेतलीय. एवढं काम करणारा शब्द व्यर्थ कसा? ‘आपलं’ घ्या. ‘मंगळवारी, आपलं, बुधवारी या.’ चूक पुसायचं खोडरबर आहे ते, आणि ऐकणारा एकदाही गोंधळत नाही. मंगळवारी कुणी येत नाही. तेच ‘सहज आपलं विचारलं’मध्ये आलं की प्रश्नाचं वजन कमी करतं. ‘काय आहे ना’ ऐकलं की नकार येतोय हे लहान मुलालाही कळतं. ‘बरं का’ म्हणजे सुटत चाललेलं लक्ष परत ओढणं. ‘असो’ म्हणजे हा विषय मी संपवला, तुम्ही उकरू नका. यांना भरताड म्हणणाऱ्याने यांच्याशिवाय एक दिवस बोलून दाखवावं. भांडण होईल.

कात्रीवाले, तुमच्या त्या तुकड्यात ‘आमच्याकडे आपलं... म्हणजे पैसे नव्हते असं नाही’ आहे. तिथे बाई आधी वेगळंच काहीतरी बोलायला निघाल्या होत्या आणि वळल्या. ‘आपलं’ हा वळणाचा हात आहे. तो कापलात तर वळणही दिसणार नाही.

अवांतर : ‘पादपूरण’ हा शब्द पद्यातला. छंदात एक अक्षर कमी पडलं की भरायला. यास्काच्या निरुक्तात कम्, ईम्, इत्, उ यांची नावं घेऊन सांगितलंय की पद्यात हे अर्थाविना येतात, जागा भरायला. अमरकोशातही ‘तु हि च स्म ह वै पादपूरणे’ अशी यादीच आहे. कवीने जागा भरली तर परंपरा, आणि बोलताना आपण भरली तर खोड!

दुसरं अवांतर, आणि हे जरा रागाने : त्या यादीतलं ‘जळ्ळं मेलं’ पुरुषाच्या तोंडचं आहे का? ‘मेलं’, ‘बाई’, ‘अगंबाई’ हे बायकांचे शब्द म्हणून नकलाकारांनी वर्षानुवर्षं वापरले. बाईची नक्कल करायची तर तिचा विषय घ्यावा लागत नाही, तिची पालुपदं पुरतात.

शेवटचा_बाक

बाई, ‘म्हणे’ आणि ‘आपलं’ मान्य. माघार. पण ‘बेसिकली’ला तुम्ही कुठल्या गटात घालाल? तो ‘म्हणे’सारखं काही करत नाही. तो फक्त इंग्रजी येतं हे सांगतो.

जुनी_मास्तरीण

तेही काम झालंच की! मी त्याला आवडीचा शब्द म्हणणार नाही, पण व्यर्थ नक्कीच नाही. आणि गंमत बघा, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ म्हणणाऱ्याला आपण फार तर फुशारकी मारणारा म्हणतो. ‘म्हंजी’ म्हणणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. दोघांनी जागा एकच भरली.

अनुनासिक

हेच म्हणणार होतो. काना-मात्रेचा फरक, आणि निकाल दोन टोकांना.

एक बाहेरचं उदाहरण, कारण त्यात निवाडा शब्दावर झाला, अर्थावर नाही, आणि बोलणाऱ्यावर तर नाहीच. चिनी भाषेत ‘ते... ते...’ अशा अर्थाचा शब्द आपल्या ‘अं’सारखा सतत येतो. बोलताना त्याचा उच्चार साधारण ‘नेइग’ होतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एका प्राध्यापकाने, वेगवेगळ्या भाषांतले लोक थांबा कसा भरतात हे समजावताना, तो शब्द दोन-तीनदा उच्चारून दाखवला. इंग्रजीतल्या एका अत्यंत अपमानकारक शिवीसारखा तो ऐकू आला म्हणून काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली, आणि त्या विषयाचं अध्यापन दुसऱ्याकडे गेलं. पुढे विद्यापीठाच्या चौकशीत नियमभंग आढळला नाही. धडा थांब्याच्या शब्दांवरच चालला होता, हे विशेष.

आणि दुसरं टोक : 2018 मध्ये गूगलने लोकांसमोर एक यंत्र बोलवून दाखवलं. ते फोन करून वेळ ठरवत होतं. मधेमधे ‘अम्’, ‘म्हंम्’ करत होतं, आणि पलीकडच्या बाईंना संशयही आला नाही. त्यावर टीका झाली ती फसवणूक म्हणून. म्हणजे माणसाने ‘अं’ केलं तर कच्चा, यंत्राने केलं तर लबाड.

थांबतथांबत

मी इथे फक्त वाचत असतो. आज लिहितोय.

मी तोतरा आहे. हा शब्द मला चालतो, कुणी सावरून घेऊ नये. माझ्यासाठी ‘म्हणजे’ हा शब्द नाही, उडी मारायची फळी आहे. ‘क’ आणि ‘प’ने सुरू होणाऱ्या शब्दांवर मी अडकतो. ते समोर येताना मला आधीच दिसतात. मग मागे एक ‘म्हणजे’ किंवा ‘तसं बघितलं तर’ टाकतो, आवाज सुरू असतानाच त्या शब्दावर जातो, आणि पुष्कळदा पलीकडे पोचतो. पुष्कळदा. नेहमी नाही. बोलणं सुधारायला जातो तिथे सांगतात की ही फळी सोडायला शिक, कारण हळूहळू फळीच अडथळा होते, ‘म्हणजे म्हणजे म्हणजे’ होऊन बसतं. पटतं. पण मुलाखतीला बसलो असताना कोण सोडेल?

यातला तिढा असा की फळीमुळे माझं तोतरेपण लपतं. समोरच्याला तोतरा दिसत नाही, ‘म्हणजे म्हणजे’ करणारा, विषय पक्का नसलेला माणूस दिसतो. तोतरेपणाला लोक निदान थांबून देतात. ‘म्हणजे’ला थांबून देत नाहीत, वाक्य तोडून पुढचा प्रश्न विचारतात. म्हणून आता काही ठिकाणी मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी अडकत बोलतो, थोडा वेळ द्या. त्यानंतर ‘म्हणजे’ आपोआप कमी होतात, कारण लपवायला काही उरत नाही.

शेवटचा_बाक, तुमच्या रेघांवर राग नाही. पण तुमचा तो ‘बेसिकली’वाला कुठल्या अक्षरावर अडकतो ते एकदा ऐका. माझा अंदाज चुकूही शकतो.

शेवटचा_बाक

...ऐकतो.

कात्रीवाला

थांबतथांबत, लिहिलंत त्याबद्दल आभार. ‘आवाज सुरू असतानाच त्या शब्दावर जातो’ हे तुम्ही म्हणालात आणि लहरीतलं एक कोडं सुटलं. काही लोकांचा ‘म्हणजे’ पुढच्या शब्दाला चिकटलेला असतो, मधे सुईच्या अग्राएवढीही शांतता नसते. तो कापला की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर अर्धं जातं. मी आजवर त्याला ‘खराब जागा’ म्हणायचो आणि सोडून द्यायचो. तो सोडायलाच हवा, कारण तिथे ‘म्हणजे’ आणि पुढचा शब्द मिळून एकच हालचाल आहे.

मास्तरीणबाई, ‘आपलं’ परत लावला. तुमचं बरोबर आहे, वाक्याने कूस बदलल्याचं आता ऐकू येतं.

अनुनासिक, खोकल्याचा प्रयोग सांगितलात त्याने निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्याबद्दल सांगतो. काल दोन्ही ट्रॅक परत सुरुवातीपासून घेतले. बोलणारा कोण ते विसरून फक्त जागा बघितली. उत्तराच्या अगदी तोंडाशी आलेला ‘अं’ : ठेवला, दोघांचाही. तो प्रश्न पोचल्याची पावती आहे. नेमक्या शब्दाच्या आधी आलेला, ज्याच्यानंतर वजनदार शब्द येतोय : ठेवला. वाक्य वळवणारा ‘आपलं’, ‘नाही म्हणजे’ : ठेवला. सलग तीन-चार आले तर एक ठेवून बाकीचे उडवले. आणि वाक्य संपल्यावर, श्वास घेता घेता, नुसता सवयीने गळलेला ‘समजलं ना’, ‘ओके’ : हे सरसकट गेले, त्यांच्या मागेपुढे काहीच घडत नव्हतं. (बाईंच्या नव्हे, सरांच्या तोंडी ‘समजलं ना’ सर्वांत जास्त होता. दर दोन वाक्यांमागे ते ऐकणाऱ्याची परीक्षा घेत होते. तो गेल्यावर गृहस्थ चांगलेच मवाळ वाटायला लागले. हेही एक प्रकारे माणूस बदलणंच, पण याचं मला वाईट वाटलं नाही.)

या नियमाने दोघांचं कापलेलं जवळपास सारखं निघालं. श्वास मात्र एकही कापला नाही. नवशिके संपादक ‘अं’बरोबर श्वासही उडवतात, मग माणूस पाण्याखाली बोलत असल्यासारखा धापा न टाकता बोलत राहतो आणि ऐकणाऱ्याचाच जीव घाबरतो. ‘अं’ काढला तिथे त्याच खोलीची थोडी शांतता भरायची, पूर्ण निःशब्द जागा कधीच ठेवायची नाही. कान ती लगेच पकडतो.

सूचना पाठवणाऱ्यांना लिहिलं : ‘दोघांना एकच नियम लावला आहे. वेगळा हवा असल्यास कारणासह कळवावे.’ अजून उत्तर नाही. पैसेही नाहीत.

टंकलेखिका

उशिरा आले. मी ध्वनिमुद्रणावरून मजकूर टंकते, म्हणजे कात्रीवाल्यांची चुलत बहीण समजा.

आमच्याकडे दोन प्रकार चालतात. एकात बोललेलं सगळं, ‘अं’ आणि अर्धवट शब्दांसकट, जसंच्या तसं. दुसऱ्यात साफ केलेलं. वाचायला लोक साफ मागतात, आणि जिथे पुढे वाद होऊ शकतो तिथे जसंच्या तसं मागतात. यावरून काय ते समजा : भांडणाची वेळ आली की ‘अं’ला एकदम किंमत येते. ‘तुम्ही तिथे होता का?’ ‘हो.’ आणि ‘तुम्ही तिथे होता का?’ ‘अं... हो.’ ही दोन उत्तरं कुणीही एक मानणार नाही. पण ‘अं’ आला म्हणजे खोटं, असंही मानू नका. खोटं बोलताना इंग्रजी ‘अम्’ उलट कमी येतो, असं एका अभ्यासात निघालं होतं, अनुनासिक यांना ठाऊक असेल.

अनुनासिक

हो, आर्चुली आणि सहकारी, 2010. खरं बोलताना ‘अम्’ जास्त, खोटं बोलताना कमी आणि आखूड. एकाच अभ्यासावर कुणाला पकडायला जाऊ नये, पण ‘चाचरला म्हणजे खोटारडा’ या समजाला चांगला धक्का आहे.

टंकलेखिका

आणखी एक. कागदावर हे शब्द कानापेक्षा दसपट दिसतात. ऐकताना माझ्या लक्षातही न आलेला ‘म्हणजे’ टंकल्यावर प्रत्येक ओळीत उभा असतो. सुशिक्षित, अनुभवी, फर्डं बोलणारी माणसं स्वतःचं जसंच्या तसं बघून हादरतात, ‘मी असं बोलतच नाही’ म्हणतात. म्हणून दुसऱ्या कुणाचं जसंच्या तसं छापून त्याची टर उडवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कुणाचंही तसं छापा, तसंच दिसेल. छापताना एकाचं साफ आणि दुसऱ्याचं जसंच्या तसं ठेवलं की बातमी न बदलता माणूस पाडता येतो. असे मजकूर माझ्या हातून गेलेत, तशी सूचनाच होती.

कात्रीवाला

हे माझ्या सूचनेचं छापील भावंड. बरं, एक धंद्याचा प्रश्न : ‘अं’ लिहिता कसा तुम्ही? मॅडमच्या बोलण्याचा मजकूरही मागितलाय त्यांनी, आणि तिच्या तोंडून तीन वेगवेगळे आवाज येतात.

टंकलेखिका

तोंड उघडं असेल तर ‘अ...’, ओठ मिटून संपत असेल तर ‘अं...’, होकारी असेल तर ‘हं’, आणि नकारी असेल, म्हणजे मान हलवत म्हणतात तो, ‘अंहं’. ‘ॲ?’ हा वेगळा, तो प्रश्न आहे, त्याला प्रश्नचिन्ह द्या. लांबी टिंबांनी दाखवू नका, लोक वाट्टेल तेवढी टिंबं देतात. तीनच. आणि सरांचंही त्याच पद्धतीने लिहा, पाठवण्याआधी दोघांचं एकदा शेजारीशेजारी लावून बघा.